विक्रीला कधीच न आलेले बूट : ॲपलच्या एका जोडीचा प्रकरण अभ्यास

जुलै २०२३ मध्ये सदबीज या लिलावगृहाने बुटांची एक जोडी विक्रीला ठेवली. नव्वदीच्या दशकात मिळायचे तसे जाड तळव्याचे पांढरे स्पोर्ट्स शूज, अमेरिकी मापाने साडेदहा नंबर. लेसखालच्या जिभेवर आणि बाहेरच्या अंगाला ॲपल कॉम्प्युटर कंपनीचं सहा रंगी सफरचंद. खोक्यात लाल लेसची एक जादा जोडी. मागितलेली किंमत ५० हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ४१ लाख रुपये.

आकडा इतका मोठा की देशोदेशी त्याची बातमी झाली, आणि बहुतेक ठिकाणी ती त्या आकड्यापाशीच संपली. कंपन्यांनी वाटलेल्या जुन्या वस्तू जमवणाऱ्या माणसाचं काम मात्र तिथून सुरू होतं. फुकट वाटलेली वस्तू इथवर पोचली कशी? ही किंमत नेमकी कशाची? आणि अशी वस्तू समोर आली तर आपण काय तपासायचं? या एका जोडीच्या निमित्ताने हे सगळे प्रश्न धसास लावता येतात, म्हणून हे प्रकरण निवडलं. माझं मत आधीच सांगून टाकतो: अशा वस्तूत जपण्यासारखं जे असतं ते तिच्या मागच्या माहितीत असतं. ती माहिती गेली की हातात फक्त जुने बूट उरतात.

बूट कोणासाठी होते

ॲपलने हे बूट दुकानात कधी ठेवलेच नाहीत. सदबीजने दिलेल्या माहितीनुसार ते ओमेगा स्पोर्ट्सच्या नावाने खास ॲपलच्या कर्मचाऱ्यांसाठी बनवले गेले आणि नव्वदीच्या मध्यावर कंपनीच्या राष्ट्रीय विक्री परिषदेत एकदाच वाटले गेले. ज्यांनी नोकरीत सेल्स कॉन्फरन्स अनुभवली आहे त्यांना चित्र लगेच दिसेल: वर्षाचं टार्गेट, पडद्यावरचे आलेख, भाषणं, आणि निघताना हातात कंपनीच्या नावाची पिशवी. त्या पिशवीतली वस्तू ग्राहकासाठी नसते. आपल्याच माणसांचा हुरूप वाढावा म्हणून ती दिलेली असते.

आणि ॲपलच्या विक्री खात्याला तेव्हा हुरुपाची गरज होतीच. १९९३ मध्ये कंपनीचे प्रमुख जॉन स्कली पायउतार झाले, त्यांच्या जागी मायकल स्पिंडलर आले, फेब्रुवारी १९९६ मध्ये तेही गेले आणि गिल अमेलिओ आले. मधल्या काळात, ऑगस्ट १९९५ मध्ये, मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ बाजारात आणलं. १९९७ च्या आर्थिक वर्षात ॲपलचा तोटा १ अब्ज डॉलरच्या घरात गेला. डिसेंबर १९९६ मध्ये नेक्स्ट ही स्टीव्ह जॉब्जची कंपनी विकत घेण्याचा निर्णय झाला आणि त्या वाटेने ॲपलचे हे सहसंस्थापक परत आले, ते अशा पडत्या काळात. हे बूट ज्यांना मिळाले ती माणसं रोज दुकानदारांसमोर आणि शाळांसमोर उभी राहून या कंपनीचा माल विकत होती. मला या जोडीत रस वाटतो तो यासाठी. यशाच्या शिखरावरच्या ॲपलच्या वस्तू पुष्कळ आहेत. कंपनी टिकेल की नाही असं लोक उघड विचारत असताना आपल्या माणसांना दिलेल्या वस्तू फार थोड्या सापडतात.

सहा पट्टे

अशी वस्तू हातात आली की पहिली नजर चिन्हावर जायला हवी. ॲपलचं रंगीत सफरचंद रॉब जॅनॉफ यांनी १९७७ मध्ये रेखाटलं. रेजिस मॅकेना यांच्या जाहिरात संस्थेत ते तेव्हा काम करत होते. एका बाजूचा चावा त्यांनी ठेवला तो आकाराचा अंदाज यावा, लहान काढलं तर चेरी वाटू नये म्हणून. पान वरच्या बाजूला असल्याने हिरवा पट्टाही वर हवा असा जॉब्जचा आग्रह होता. त्यामुळे वरून खाली क्रम असा येतो: हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा, जांभळा, निळा.

आपण शाळेत 'तानापिहिनिपाजा' घोकलेलं असतं, आणि नेमकं तेच इथे उपयोगी पडतं. इंद्रधनुष्याचा क्रम डोक्यात घेऊन ज्याने नक्कल केली आहे तो तांबडा वर घेतो किंवा निळा-जांभळा उलटे लावतो. भरतकाम केलेल्या टोप्या, बॅजेस, किल्ल्यांची कडी अशा स्वस्त नकला इथेच पकडल्या जातात. अर्थात क्रम बरोबर असला म्हणजे वस्तू खरी ठरत नाही. चांगला नकलाकारही इतपत अभ्यास करतो. पण क्रम चुकला असेल तर पुढचं काही पाहायची गरज उरत नाही.

हे रंगीत चिन्ह १९९८ पर्यंत वापरात होतं, मग एकरंगी सफरचंद आलं. म्हणजे काळाची बाहेरची चौकट आपोआप मिळते: १९७७ ते १९९८. त्या चौकटीत बूट कुठे बसतात ते परिषदेच्या उल्लेखावरून आणि त्यांच्या घडणीवरून ठरतं.

विकलेलं, सोबत दिलेलं, आतल्यांना दिलेलं

ॲपलचं नाव असलेली प्रत्येक जुनी वस्तू दुर्मीळ असते हा समज नव्या संग्राहकाला महागात पडतो. १९८६ मध्ये कंपनीने 'द ॲपल कलेक्शन' नावाचा कॅटलॉगच काढला होता. त्यात कपडे होते आणि घरात, प्रवासात वापरायच्या कितीतरी वस्तू होत्या, आणि त्या कोणीही पैसे देऊन मागवू शकत होतं. पुढे क्युपर्टिनोतल्या मुख्यालयापाशी कंपनी स्टोअर होतं. तिथले टी-शर्ट आणि कॉफीचे मग पर्यटकही घेऊन जात. या वस्तू छान असतात, पण त्या विकण्यासाठीच बनलेल्या होत्या.

दुसरी जात ग्राहकाला मालासोबत मिळालेल्या वस्तूंची. रंगीत सफरचंदाचे स्टिकर ॲपल टू या सुरुवातीच्या कॉम्प्युटरच्या जमान्यापासून खोक्यात येत. गाडीच्या मागच्या काचेवर, गिटारच्या पेटीवर, होस्टेलच्या कपाटावर ते लागले. ही प्रथा इतकी टिकली की २०२४ मध्ये नव्या आयपॅडच्या खोक्यातून स्टिकर काढल्याची बातमी झाली. १९९५ मध्ये मॅकची, म्हणजे ॲपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरची, नवी सिस्टिम घेणाऱ्यांना भेट म्हणून दिलेलं मनगटी घड्याळ याच जातीचं.

तिसरी जात फक्त आतल्या माणसांना दिलेल्या वस्तूंची. आपले बूट इथे बसतात. या जातीचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र बुटांचं नाही. ते आहे एका स्वेटशर्टचं.

१९८३ मध्ये मॅकिंटॉश बनवणारी तुकडी अक्षरशः रात्रंदिवस राबत होती आणि आपली माणसं आठवड्याला ९० तास काम करतात असं जॉब्ज पत्रकारांना अभिमानाने सांगत. मॅकच्या वित्त विभागाने मग तुकडीसाठी राखाडी रंगाचे, टोपी असलेले स्वेटशर्ट करून घेतले. पाठीवर छापलं: आठवड्याला ९० तास आणि त्यातच मजा. लोकांनी ते आवडीने घातले. मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ ला आला. पुढे १९८५ मध्ये, मॅकचा हार्डवेअर बोर्ड ज्याने घडवला त्या बरेल स्मिथने नोकरी सोडली. त्याने तोच स्वेटशर्ट काढला, पाठीवरचा ९ झाकून टाकला आणि ० तास झालेला तो स्वेटशर्ट अंगात घातला.

ही हकिकत आपल्यापर्यंत आली ती तुकडीतल्याच अँडी हर्ट्झफेल्डने लिहून ठेवली म्हणून. एका कापडात कंपनीची बढाई आहे, राबणाऱ्यांचा खराखुरा उत्साह आहे आणि थकून बाहेर पडलेल्या एका माणसाचा जबाबही आहे. माझ्या लेखी ५० हजार डॉलरच्या बुटांपेक्षा हा स्वेटशर्ट मोठा, कारण तो कोणी, कधी, का दिला आणि घालणाऱ्याने त्याचं काय केलं हे सगळं माहीत आहे.

किंमत आली कुठून

आता आकड्याकडे येऊ. सदबीजचे ५० हजार डॉलर ही मागितलेली किंमत होती, बोली लागून ठरलेली नव्हे. विक्रेता आपल्या मनाने एक आकडा लावतो आणि गिऱ्हाइकाची वाट पाहतो. बोलीत झालेली विक्री पाहायची तर मागे जावं लागतं: २०२० मध्ये हेरिटेज ऑक्शन्सकडे याच प्रकारची एक जोडी १० हजार डॉलरच्या थोडी आत गेली होती. म्हणजे तीन वर्षांत आकडा पाचपट. वस्तू तीच, चिन्ह तेच. बदललं होतं ते भोवतालचं वातावरण, आणि ते तीन बाजूंनी बदललं होतं.

एक, जुने बूट हीच लिलावाची वस्तू झाली होती. सदबीजने जुलै २०१९ मध्ये नायकीचे १९७२ चे 'मून शू' ४ लाख ३७ हजार ५०० डॉलरला विकले. एप्रिल २०२३ मध्ये बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनने १९९८ च्या अंतिम सामन्यांत घातलेली जोडी २२ लाख डॉलरला गेली. बूट जमवणारा हा नवा गिऱ्हाईक वर्ग कॉम्प्युटरवाला नाही. त्याला पांढरा रंग, माप, खोकं, जादा लेस यांत रस असतो.

दोन, ॲपलच्या भूतकाळाला त्याच सुमारास उधाण आलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये जॉब्जच्या झिजलेल्या बर्केनस्टॉक चपला ज्युलियन्स ऑक्शन्सकडे २ लाख १८ हजार ७५० डॉलरला गेल्या. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे बुटांच्याच महिन्यात, २००७ च्या पहिल्या आयफोनचं ४ जीबीचं एक सीलबंद खोकं १ लाख ९० हजार डॉलरच्या वर पोचलं.

तीन, वापराची वस्तू वापरली जाते. स्टिकर वहीत राहू शकतो, पोस्टर गुंडाळून माळ्यावर पडू शकतं, पण बूट मिळाले की माणूस घालतो, झिजवतो, टाकून देतो. एकदाच वाटलेली, बेताच्या संख्येची आणि वापरून संपणारी वस्तू पंचवीस-तीस वर्षांनी खोक्यासकट उरली, तर तिची टंचाई खरी असते. कंपनीने मुद्दाम 'मर्यादित आवृत्ती' काढून निर्माण केलेल्या टंचाईपेक्षा मी या टंचाईला जास्त मान देतो.

म्हणून माझा निष्कर्ष असा: १० हजारांपर्यंतचा भाग या वस्तूच्या स्वतःच्या टंचाईचा आहे. त्यावरचा भाग दोन बाजारांच्या भरतीचा आहे, आणि भरती ओसरते. संग्राहकाने ५० हजार देऊ नयेत. ज्याला बूट म्हणून हवेत त्याची गोष्ट वेगळी.

अवस्था

विक्रीच्या वर्णनात दोष लपवलेले नव्हते, ही चांगली गोष्ट. मधला तळवा पिवळा पडलेला आणि चवड्याच्या भागावर पुसट डाग आहेत हे सांगितलेलं होतं. हे वाचून घाबरायचं कारण नाही, तीस वर्षांचा पांढरा बूट झळझळीत पांढरा असता तर मला जास्त शंका आली असती.

खरी काळजी वेगळीच आहे. त्या काळातल्या पुष्कळ स्पोर्ट्स शूजमध्ये मधला तळवा पॉलियुरेथेन या फेसाळ प्लास्टिकचा असे. हवेतलं बाष्प त्या फेसाचे रासायनिक बंध हळूहळू तोडतं. वरून काही दिसत नाही, आतून तो ठिसूळ होतो, आणि एक दिवस अंगठ्याने दाबलं तर बिस्किटासारखा चुरा हातात येतो. गंमत अशी की न वापरलेले, खोक्यात बंद ठेवलेले बूटही यातून सुटत नाहीत. त्यामुळे अशी जोडी पाहायला मिळाली तर ती पायात घालायची नाही आणि वाकवायचीही नाही. टाचेपाशी अगदी हलकं बोट टेकवायचं, शिवणीत भुकटी आहे का पाहायचं, खोक्याच्या तळाचा कागद उलटून पडलेले कण शोधायचे. आतल्या कागदाला आंबूस वास येत असेल तर प्रक्रिया सुरू झाली आहे असं समजायला हरकत नाही.

आपल्याकडे, मुंबईत आणि कोकण-गोव्यात, पावसाळ्याचे चार महिने हा मोठा शत्रू आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं हा लोकांचा पहिला उपाय असतो आणि तोच घात करतो, कारण आतला ओलावा आतच राहतो. हवेशीर खोकं, आम्लरहित कागद, सिलिका जेलच्या पुड्या आणि त्या वेळोवेळी बदलणं, एवढं केलं तरी वस्तूचं आयुष्य वाढतं. टी-शर्ट घडी घालून वर्षानुवर्षं ठेवला की घडीवरच छपाईला भेगा जातात. तो सैल गुंडाळून ठेवावा. डांबराच्या गोळ्या थेट कापडात टाकू नयेत.

मालकीचा माग

समजा, अशी जोडी आपल्याला कोणी देऊ केली. मी बुटांआधी विकणाऱ्या माणसाशी बोलेन. तुम्हाला कोणाकडून मिळाले? तो माणूस ॲपलमध्ये कोणत्या खात्यात होता? परिषद कोणत्या गावी, कोणत्या वर्षी झाली? परिषदेचा बिल्ला, कार्यक्रमपत्रिका, एखादा फोटो आहे का? मूळ मालक हयात असेल तर सहीचं पत्र मिळेल का?

हे नुसते कागद वाटतील, पण या व्यवहारात निम्मी वस्तू तीच असते. बूट एखाद्या जुन्या सामानाच्या विक्रीत सापडला आणि सापडणाऱ्याला काहीच माहीत नाही, असं असेल तर 'मध्य नव्वदी' यापलीकडे कोणी जाऊ शकत नाही. उलट बिल्ल्यासकट आणि फोटोसकट आलेली, दोन-तीन वर्षं वापरून झिजलेली जोडी मी खोक्यातल्या कोऱ्या जोडीआधी घेईन. कोऱ्या जोडीने काहीच पाहिलेलं नसतं.

जॉब्ज परतल्यावर, १९९७ मध्ये, ॲपलने आपला ऐतिहासिक संग्रह स्टॅनफर्ड विद्यापीठाला देऊन टाकला. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूचं कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम मशीनांबरोबर टी-शर्ट, बॅजेस आणि कॉफीचे मगसुद्धा जपतं. इटलीत सवोना इथे तर अख्खं संग्रहालय ॲपलला वाहिलेलं आहे. अशा संस्थांच्या नोंदींचे फोटो आणि कंपनीचे जुने कॅटलॉग हे आपले कसोटीचे दगड. किंमत पाहायला लिलावाच्या संकेतस्थळावर जावं, पण ओळख पटवायला इथे यावं.

आपल्या घरातलं

४१ लाखांचे बूट बाजूला ठेवले तरी मराठी माणसाला या विषयात करण्यासारखं भरपूर आहे. ॲपलच्या १९९७ च्या 'थिंक डिफरंट' जाहिरात मोहिमेची पोस्टरं घ्या. त्यात आइनस्टाइन, पिकासो यांच्याबरोबर गांधीजी होते, चरख्यापाशी वाचत बसलेले. ते छायाचित्र मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये पुण्यात टिपलं होतं. पुण्यातलं एक छायाचित्र अर्ध्या शतकाने कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर कंपनीच्या रंगीत सफरचंदाशेजारी छापलं गेलं, तेही त्या चिन्हाच्या अखेरच्या काळात. संग्रहाला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. नंतरच्या नकला मात्र चिक्कार आहेत. त्यासाठी भिंगाखाली पाहावं: जुन्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके ठरावीक जाळीत, छोट्या फुलांसारखे बसलेले दिसतात. इंकजेटवर काढलेल्या प्रतीत रंग तुषार उडाल्यासारखे विखुरलेले असतात.

आणि ॲपलच कशाला? मुंबईत १९६१ मध्ये एस्सो या तेल कंपनीकडे आयबीएम कंपनीचा १४०१ हा कॉम्प्युटर बसला. तिथून १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडेपर्यंत कितीतरी मराठी माणसांनी आयबीएममध्ये किंवा तिच्या यंत्रांवर काम केलं. 'थिंक' ही थॉमस वॉटसन यांनी आयबीएमला दिलेली घोषणा. ती छापलेल्या पाट्या आणि खिशात मावणाऱ्या वह्या ही कॉम्प्युटर व्यवसायातली सर्वांत जुनी प्रचारवस्तू म्हणता येईल. १९९२ मध्ये आलेल्या आयबीएमच्या थिंकपॅड या लॅपटॉपचं नावही त्या वहीवरूनच पडलं. पुढच्या पिढीतले कितीतरी जण अमेरिकेत गेले, तिथल्या कंपन्यांचे टी-शर्ट, जॅकेट, कॉफीचे मग घेऊन सुट्टीत घरी आले. त्यातले बरेचसे भावाने वापरले, मग घर पुसायला गेले.

जे उरले आहेत त्यांच्यासाठी एक काम आजच करता येईल. ज्याला ती वस्तू मिळाली त्याच्याशेजारी बसावं आणि पेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहून घ्यावं: कंपनी आणि खातं, गाव, वर्ष, कोणत्या निमित्ताने मिळाली, कोणी कोणी वापरली. दुसऱ्या बाजूला त्या वस्तूबद्दल त्याला जे आठवेल ते, त्याच्याच शब्दांत. चिठ्ठीसकट वस्तूचा फोटो काढावा, आणि मग चिठ्ठी वस्तूसोबत त्याच खोक्यात ठेवावी, चिकटवू नये. डिंकाचे डाग कापडावरून निघत नाहीत.